युद्धातल्या दुभाष्यांचे आभार मानायचे तर नेमकं काय करायचं? (नागपूर, ३० सप्टेंबरचा कार्यक्रम)

सीताबर्डी_अनुवाद

नमस्कार मंडळी,

३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याला मान्यता दिली. यंदा त्या दिवशी सीताबर्डीवर दोन तासांचा कार्यक्रम करायचा आहे. येणाऱ्यांत निम्मे अनुवादाचं काम करणारे आणि निम्मे कामठीकडचे निवृत्त फौजी. विषय असा: युद्धात परक्या सैन्यासोबत दुभाषी म्हणून फिरलेली माणसं, आणि पुढे त्यांच्या पाठीशी उभे राहून त्यांना आपल्या देशात बस्तान बसवून देणारे त्याच सैन्यातले माजी सैनिक. अफगाणिस्तान डोळ्यांसमोर आहेच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

दुभाषी आणि पारसनीस ही आडनावं आपल्याकडे आजही आहेत. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. दरबारात या कामाला हुद्दा होता. रणांगणावरच्या दुभाष्याला मात्र काम संपल्यावर कोणी विचारत नाही. त्याचे आभार नीट मानले जावेत, एवढ्यासाठी ही धडपड.

सध्याचा आराखडा सांगते. इंटरनेटवरून दुभाष्यांचे फोटो आणि नावं घेऊन प्रदर्शन लावायचं. शंभरेक आभारपत्रं छापून त्यावर आपल्या माजी सैनिकांच्या सह्या घ्यायच्या आणि परदेशातल्या संस्थांना पाठवायच्या. जुने कपडे, भांडी गोळा करायची.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. माजी सैनिकांच्या कोणत्या मदतीमुळे दुभाष्याचं काम खरोखर झालं? कागद कोणता, सही कोणाची, अडतं कुठे, हे हवंय. नागपुरात बसून आम्हा अनुवादकांना काही करता येईल का? आमच्यातल्या दोघांना उर्दू आणि फारसी वाचता येतं. आणि वरच्या आराखड्यात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

---

जुनी_छावणी

ताई, ती आभारपत्रं आधी बाजूला ठेवा. दुभाष्यांना अशी पत्रं भरपूर मिळालेली असतात. तुकडी परत जायला निघाली की कमांडर रंगीत प्रशस्तिपत्र देतो. त्यावर तुकडीचं चिन्ह असतं, दुभाष्याचं नाव असतं, कधी फोटोही असतो. व्हिसाच्या फायलीत त्याचं वजन फार थोडं. तालिबानच्या नाक्यावर मात्र तोच कागद गळफास ठरतो. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा कित्येकांनी ही प्रशस्तिपत्रं जाळून टाकली. फाइल पुढे सरकते ती दुसऱ्याच कागदावर: थेट वरिष्ठाने दिलेल्या शिफारसपत्रावर.

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथली पद्धत सर्वांत तपशीलवार लिहिलेली आहे. २००६ च्या कायद्यात इराक आणि अफगाणिस्तान मिळून दुभाष्यांना वर्षाला फक्त ५० व्हिसा होते. पुढे इराकसाठी २००८ पासून वर्षाला ५,००० झाले, आणि अफगाणांसाठी २००९ च्या कायद्याने वर्षाला १,५००. नंतर आकडे वाढत गेले. ‘स्पेशल इमिग्रंट व्हिसा’ या नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे याला एसआयव्ही म्हणतात. अफगाणांच्या नव्या अर्जांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. अर्जदाराने ७ ऑक्टोबर २००१ नंतर किमान एक वर्ष काम केलेलं असावं लागायचं. तुकड्यातुकड्याने केलेल्या नोकऱ्या मिळून बारा महिने भरले तरी चालायचं.

पहिली पायरी म्हणजे दूतावासाच्या प्रमुखाची मान्यता. त्यासाठी डीएस-१५७ फॉर्म, नोकरी देणाऱ्या कंपनीचं किंवा कार्यालयाचं एचआर पत्र, वरिष्ठाचं शिफारसपत्र, जिवाला असलेल्या धोक्याबद्दल अर्जदाराने स्वतः लिहिलेलं निवेदन, तझकिरा म्हणजे अफगाण ओळखपत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, आणि जुन्या बॅजची प्रत असेल तर ती. या सगळ्यात माजी सैनिकाच्या हातात असतं ते शिफारसपत्र, आणि बहुतेक फायली त्याच्यावरच तरतात किंवा बुडतात.

पत्र एका पानाचं पुरतं. नाव पासपोर्टात आहे अगदी तसंच. काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. हुद्दा, प्रांत, तळाचं नाव. ‘मी अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत याचा थेट वरिष्ठ होतो’ हे वाक्य जसंच्या तसं हवं. सेवा निष्ठेची आणि मोलाची होती, आणि या नोकरीमुळेच आता जिवाला धोका आहे, हे दोन वेगवेगळ्या वाक्यांत. हा माणूस अमेरिकेच्या सुरक्षेला धोका नाही, असं लिहिणाऱ्याचं मत. शेवटी सही, तारीख, हुद्दा, चालू असलेला ईमेल आणि फोन.

आता बिघडतं कुठे ते. सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट म्हणजे ईमेल. अधिकारी लष्करी पत्ता लिहितो, सहा महिन्यांनी निवृत्त होतो, पत्ता बंद पडतो. पडताळणीचं पत्र त्या बंद पेटीत जातं आणि फाइल तिथेच थांबते. म्हणून खासगी ईमेल द्यायचा आणि स्पॅमची पेटी दर आठवड्याला उघडून बघायची. दुसरं, सही करणारा जिवाभावाचा असतो पण वरिष्ठ नसतो. तो सोबत गस्त घालणारा शिपाई असतो. अशा वेळी त्या काळात त्या जागेवर असलेल्या वरिष्ठाला शोधावं लागतं. वरिष्ठ अमेरिकी नागरिक नसेल तर काम माहीत असलेल्या अमेरिकी नागरिकाची सही जोडावी लागते. तिसरं, शिफारसपत्रातल्या तारखा एचआर पत्राशी जुळत नाहीत. चौथं, नुसती स्तुती. ‘फार चांगला मुलगा, आम्हाला भावासारखा’ या वाक्याने तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. महिन्याला किती गस्ती, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, गावच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत बसायचा की रेडिओवरचं बोलणं ऐकून सांगायचा, गोळीबारात कितीदा होता, असं लिहावं.

एचआर पत्राचं दुखणं वेगळंच. दुभाषी बहुतेक कंत्राटदार कंपन्यांकडे नोकरीला होते. कंत्राट संपलं, कंपनी दुसऱ्या नावात विलीन झाली किंवा बंद पडली, की पत्र देणार कोण? तेव्हा माजी सैनिक कंत्राटाचा क्रमांक, पगाराच्या पावत्या, जुना बॅज अशा गोष्टी जमवून पर्यायी पुरावा उभा करतात.

खरं कष्टाचं काम शोधाशोधीचं. दुभाष्याच्या हाती अनेकदा एवढंच असतं: गणवेशावरच्या पट्टीवरचं आडनाव आणि हुद्दा. ‘कॅप्टन मिलर’ शेकड्यांनी सापडतील. म्हणून प्रांत, तळ, महिना आणि वर्ष, बाहीवरचं चिन्ह, सोबतच्या आणखी दोघांची आडनावं, एवढं आधी दुभाष्याकडून लिहून घेतात आणि मग त्या तुकडीच्या माजी सैनिकांच्या गटांत विचारतात. हे काम रात्र रात्र बसून, विनामोबदला केलं गेलंय.

अर्ज नाकारला गेला तर १२० दिवसांत अपील करता येतं. कारण बऱ्याचदा ‘नोकरीवरून काढलं’ किंवा ‘लाय डिटेक्टरमध्ये नापास’ असं असतं. तेव्हा वरिष्ठाचं दुसरं, सविस्तर पत्र कामी येतं: नेमकं काय झालं होतं आणि विश्वास का कायम आहे. कायद्याने सरकारी टप्पे नऊ महिन्यांत संपायला हवेत. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं लागली आहेत. त्या काळात वैद्यकीय तपासणीची मुदत संपते, बाळ जन्मतं, एखादं मूल एकविशी ओलांडतं, आणि प्रत्येक वेळी फाइल पुन्हा हलवावी लागते. व्हिसा पती-पत्नी आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांपुरता असतो. आई-वडील, भाऊ-बहीण त्यात नाहीत. कार्यक्रमात हे आवर्जून सांगा, कारण जीव वाचवून गेलेल्या दुभाष्याचं निम्मं घर मागेच राहिलेलं असतं.

एक सार्वजनिक उदाहरण हवं असेल तर अफगाण दुभाषी जानिस शिनवारी आणि अमेरिकी लष्करी अधिकारी मॅट झेलर यांचं घ्या. एप्रिल २००८ मध्ये गझनी प्रांतातल्या हल्ल्यात शिनवारींनी झेलर यांचा जीव वाचवला. पुढे शिनवारींना मिळालेला व्हिसा रद्द झाला. झेलर यांनी वर्तमानपत्रं आणि लोकप्रतिनिधी यांच्यामागे लागून तो परत मिळवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये शिनवारी कुटुंबासह अमेरिकेत पोहोचले. मग दोघांनी मिळून ‘नो वन लेफ्ट बिहाइंड’ ही संस्था काढली, आणि ती आजतागायत इतरांसाठी हेच काम करते.

---

धंतोली_फारसी

तुमच्यातल्या त्या दोघांसाठी खूप काम आहे, फक्त उर्दूच्या सवयीने दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, वाचू नका. अफगाण कागदांत सर्वांत मोठ्या चुका होतात त्या तारखा आणि नावं यांत.

तारखेपासून सुरू करू. अफगाण सरकारी कागदावर, निदान २०२१ पर्यंतच्या, हिजरी शम्सी म्हणजे सौर वर्ष असतं. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण महिन्यांची नावं म्हणजे आपल्या राशीच आहेत: हमल म्हणजे मेष, सौर वृषभ, जौझा मिथुन, सरतान कर्क, असद सिंह, सुंबुला कन्या, मीझान तूळ, अक्रब वृश्चिक, कौस धनू, जदी मकर, दल्व कुंभ, हूत मीन. वर्ष सुरू होतं २१ मार्चला, आपल्या भारतीय सौर पंचांगातल्या चैत्राच्या आसपासच. पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० चे, हूत २९ चा आणि लीप वर्षात ३० चा.

इसवी सन काढायचा तर हमलपासून १० जदीपर्यंत ६२१ मिळवायचे, आणि ११ जदीपासून हूत संपेपर्यंत ६२२. चूक इथेच होते. उदाहरणार्थ १५ असद १३९० म्हणजे ६ ऑगस्ट २०११. पण २० जदी १३९० म्हणजे १० जानेवारी २०१२. डोळे झाकून ६२१ मिळवलेत तर जानेवारी २०११ येईल, म्हणजे सरळ एक वर्षाची तफावत. तपासणाऱ्याला वाटतं अर्जदार खोटं बोलतोय. नोकरीच्या तारखांत अशी चूक झाली की एक वर्षाची अटही हुकू शकते. आणखी एक बारकावा: या काळात इसवी सन लीप असेल तर १ हमल २० मार्चला येतो, जसा २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये आला. म्हणून संगणकावरच्या कॅलेंडरने एकदा आणि बोटं मोजून एकदा, असं दोनदा तपासा. भाषांतरात मूळ तारीख आधी लिहा आणि इसवी तारीख तिच्या शेजारी. मूळ तारीख गाळू नका.

जुन्या कागदी तझकिऱ्यात बहुधा जन्मतारीख नसतेच. ‘१३८५ साली चेहऱ्यावरून वय २२’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे जन्मवर्ष १३६३. ते वर्ष २१ मार्च १९८४ ला सुरू होऊन २० मार्च १९८५ ला संपतं, म्हणजे दोन इसवी सनांत पडतं. इतक्या अफगाणांचा वाढदिवस अमेरिकी कागदांवर १ जानेवारी दिसतो, तो यामुळेच. भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने दिवस घालायचा नाही. वय आहे तसं लिहायचं, आणि पासपोर्टात कोणती तारीख आहे ती अर्जदाराकडून विचारून घ्यायची, म्हणजे सगळ्या फॉर्मवर तीच एक जाईल.

नावांचं पाहू. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी घडी असते. तझकिऱ्यात नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव असतं. आडनाव असेलच असं नाही. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात ढकलायची घाई आपल्या लोकांना फार होते. ती करू नका. पासपोर्टात एकच नाव असेल तर अमेरिकी व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग तेच वाहन परवान्यावर, बँकेत, मुलांच्या शाळेत. शिकली-सवरलेली माणसं वर्षानुवर्षं या तीन अक्षरांनी हाक ऐकतात. पासपोर्ट नव्याने काढायची संधी असेल तर आडनाव तेव्हाच नोंदवून घ्यायला सांगावं.

‘मोहम्मद’ हे नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहितात. शिफारसपत्रात एक, एचआर पत्रात दुसरं आणि बॅजवर तिसरं स्पेलिंग असलं तर भाषांतराच्या शेवटी एक टीप द्या: मूळ दरी अक्षरं एकच आहेत. या चार ओळींनी महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

आता शिक्क्यांबद्दल. अमेरिकी इमिग्रेशनच्या कागदांना स्टॅम्प पेपर, नोटरी यांची गरज नसते. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि भाषांतरकाराला दोन्ही भाषा येतात, एवढं प्रमाणित करणारं निवेदन, सही, नाव, पत्ता, तारीख, बस्स. पण ‘पूर्ण’ म्हणजे शिक्का, समासातला मजकूर, पाठीमागची नोंद, सगळं. वाचता येत नसेल तिथे ‘अवाच्य’ असं लिहा. अंदाज लिहू नका. नातेवाइकाने केलेलं भाषांतर टाळलेलं बरं. आणि पश्तो येत नसेल तर पश्तो कागद हातात घेऊच नका. लिपी जवळची दिसते, भाषा वेगळी आहे.

---

सीताबर्डी_अनुवाद

दोघांचे मनापासून आभार. आभारपत्रं रद्द. त्याऐवजी त्या संध्याकाळी राशींचा तक्ता मोठा छापून तारखा बदलण्याचा सराव घ्यावा असं वाटतंय.

अजून तीन गोष्टी विचारते. अफगाणिस्तानच्या आधीही माजी सैनिकांनी असं केल्याचे दाखले आहेत का? विमानतळावर उतरल्यानंतरच्या महिन्यांत काय मदत लागते? आणि आपले निवृत्त फौजी विचारतात की शांतिसेनेत असताना त्यांच्यासोबत काम केलेल्या स्थानिक दुभाष्यासाठी ते पत्र देऊ शकतात का?

---

महाल_इतिहास

पहिल्याचं उत्तर देतो. सर्वांत ठसठशीत दाखला फ्रान्सचा, आणि तो सरकारी हुकूम मोडल्याचा आहे.

अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुस्लिम साहाय्यकांना हार्की म्हणतात. ते केवळ दुभाषी नव्हते, पण गावात शिरताना फ्रेंचांचे कान आणि जीभ तेच होते. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँचा करार झाला, शस्त्रसंधी झाली, आणि फ्रान्सने बहुसंख्य हार्कींना नि:शस्त्र करून तिथेच सोडलं. मे १९६२ मध्ये मंत्री लुई जोक्स यांनी बजावलं की कोणाही अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर हार्कींना फ्रान्समध्ये आणू नये, आणलेल्यांना परत पाठवलं जाईल. तरीही काही अधिकाऱ्यांनी, विशेषतः गावपातळीवर काम केलेल्या ‘सास’ विभागांतल्या अधिकाऱ्यांनी, आपापल्या माणसांना कुटुंबासह जहाजांवर चढवलं. मागे राहिलेल्यांपैकी हजारोंची कत्तल झाली.

पोहोचलेल्यांचं पुढे काय झालं तेही सांगा, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. त्यांना पेर्पिन्याँजवळच्या रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत ठेवलं. कित्येक कुटुंबं तंबूत हिवाळा काढत होती. पुढे अनेकांना रानातल्या वसाहतींत वनखात्याच्या कामावर लावलं. मुलं गावच्या शाळेपासून तुटली. २० सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी हार्कींची क्षमा मागितली, आणि २३ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने छावण्यांत राहिलेल्यांना भरपाई सुरू झाली. साठ वर्षं लागली. २५ सप्टेंबर हा फ्रान्समध्ये त्यांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे, तुमच्या कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी.

दुसरा दाखला मोंतान्यारांचा. व्हिएतनामच्या मध्य डोंगराळ भागातल्या राडे, जराई, बाहनार अशा आदिवासी जमातींचं हे फ्रेंच नाव. १९६१ पासून अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनी त्यांच्यासोबत काम केलं: वाटाडे, दुभाषी, लढवय्ये. १९७५ नंतर ते जंगलात अडकले. १९८६ मध्ये सुमारे २०० जण थायलंडच्या छावण्यांतून अमेरिकेत आले आणि त्यांना नॉर्थ कॅरोलायनात वसवण्यात आलं. तेच राज्य निवडायचं कारण साधं होतं: स्पेशल फोर्सेसचा तळ फोर्ट ब्रॅग तिथे, त्यामुळे त्यांना ओळखणारे, त्यांचे शब्द थोडेफार बोलणारे निवृत्त सैनिक आसपास राहत होते. १९९२ मध्ये कंबोडियाच्या मोंदुलकिरी भागातून आणखी सुमारे ४०० जण आले. आज आग्नेय आशियाबाहेरची त्यांची सर्वांत मोठी वस्ती ग्रीन्सबरो आणि परिसरात आहे. कोणत्या गावात वसवायचं, हा निर्णय माजी सैनिक कुठे राहतात यावरून घेतला, हे या प्रकरणातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या ह्मोंग लोकांबद्दल एवढंच: अमेरिकी नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा असते, आणि त्यांच्या भाषेला रोमन लिपी मिळाली तीच १९५० च्या दशकात. वयस्क लढवय्ये त्या परीक्षेत अडकले. २००० साली खास कायदा करून त्यांना इंग्रजीची अट माफ केली गेली. कागद माणसाला बघून बदलता येतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

---

फुटाळा_काठ

उतरल्यानंतरच्या महिन्यांचं लिहिते.

२०२५ च्या आधी अमेरिकेत पुनर्वसन संस्थेची ठरीव मदत साधारण पहिले ९० दिवस असायची. घर, अंथरूण-पांघरूण, पहिलं जेवण, आरोग्य तपासणी, शाळाप्रवेश. ते दिवस संपतात तेव्हा खरी अडचण सुरू होते, आणि माजी सैनिकाची गरज तेव्हा लागते.

सर्वांत आधी घर. तिथे घरमालक क्रेडिट स्कोअर मागतो, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा इतिहास. कालच उतरलेल्या माणसाला तो असणार कुठून? पगाराची पावतीही नाही. त्यामुळे जामीनदार लागतो किंवा काही महिन्यांचं भाडं आगाऊ. माजी सैनिक जामीन राहतो, किंवा घरमालकाला स्वतः भेटून या माणसाने काय केलंय ते सांगतो. घर स्वस्त मिळतंय म्हणून बसमार्गापासून दूर घेतलं तर नोकरी टिकत नाही, ही चूक वारंवार झाली आहे. म्हणून भाड्याइतकंच दुकान, शाळा आणि बसथांबा यांचं अंतर बघतात.

दुसरं, गाडी चालवणं. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, सराव, विमा असा क्रम असतो. सरावासाठी परवानाधारक माणूस आणि गाडी लागते. रोज संध्याकाळी तासभर शेजारच्या सीटवर बसणारा माजी सैनिक हजार डॉलरच्या देणगीपेक्षा उपयोगी. बायकांनाही शिकवावं लागतं. पुरुष दोन पाळ्यांत काम करत असतो आणि बाई घरात अडकते. इंग्रजी वर्ग, दवाखाना, सगळं थांबतं.

तिसरं, नोकरी. दुभाष्यांचं इंग्रजी चांगलं असतं, अनेकांकडे पदवी असते, आणि तरी पहिली नोकरी गोदामात किंवा टॅक्सीवर मिळते. पदवीचं मूल्यांकन करून घ्यायला विद्यापीठाकडून गुणपत्रकं लागतात, आणि ती काबूलहून मिळवणं अवघड. लष्करातल्या कामाचं वर्णन नागरी नोकरीच्या भाषेत लिहून देणं, हे माजी सैनिकालाच जमतं, कारण त्याने स्वतः निवृत्तीनंतर तेच केलेलं असतं. तुमचे कामठीचे लोक हे लगेच ओळखतील.

एक फरक लक्षात ठेवा. एसआयव्हीवर आलेल्याला उतरताच कायम रहिवासाचा हक्क मिळतो. पण ऑगस्ट २०२१ मध्ये विमानाने आणलेल्या ७६,००० हून अधिक अफगाणांपैकी बहुतेक जण पॅरोलवर, म्हणजे दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीवर आले. त्यांना आधी आठ लष्करी तळांवर ठेवलं होतं, विस्कॉन्सिनचं फोर्ट मॅकॉय, टेक्ससचं फोर्ट ब्लिस वगैरे. त्यांना पुढे आश्रयाचा किंवा एसआयव्हीचा अर्ज वेगळा करावा लागला. दोघांना एकाच मापाने सल्ला दिला की घोटाळा होतो.

कपडे आणि भांडी नागपुरातून पाठवू नका. वाहतुकीच्या खर्चात तिथे नवीन येतं. तिथल्या स्वयंसेवकांची अडचणही नको असलेल्या सामानाने खोली भरते हीच असते. हवा असतो तो मोठा प्रेशर कुकर, लांब दाण्याचा तांदूळ, चहाचे ग्लास, जमिनीवर बसायच्या गाद्या, आणि ते घरच्या बाईला विचारून. पैसे पाठवायचे असतील तर आधी आपल्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचे नियम विचारा.

---

जुनी_छावणी

शांतिसेनेबद्दल. काँगोच्या उत्तर किवूत भारतीय तुकड्यांसोबत स्वाहिली जाणणारे भाषासहायक आणि गावांशी संपर्क ठेवणारे स्थानिक सहायक असत. ते भारताचे नाहीत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे कर्मचारी. त्यामुळे नोकरीचा दाखला मोहिमेच्या कर्मचारी विभागाकडूनच घ्यायचा. आपल्या निवृत्त अधिकाऱ्याचं पत्र म्हणजे वैयक्तिक ओळख, एवढंच. ते साध्या कागदावर लिहावं. रेजिमेंटचं लेटरहेड, गोल शिक्का वापरू नये. कोणत्या काळात ओळख होती, कोणत्या भाषांमध्ये काम, कामाचा प्रकार, स्वभावाची खात्री आणि स्वतःचा चालू फोन. मोहिमांचा तपशील, रेडिओ, मार्ग यातलं काहीही लिहायचं नाही. पत्र फक्त त्या माणसाच्या हाती द्यायचं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. जानेवारी २०२५ च्या शेवटी उत्तर किवूतलं गोमा शहर एम२३ बंडखोरांच्या ताब्यात गेलं. तिथे असलेल्या कोणाच्या फोनमध्ये आपलं पत्र सापडलं तर काय होईल, हे आधी त्यालाच विचारा.

आणि ‘भारतात बोलावून घेऊ’ असं वचन कोणी देऊ नका. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि दुभाष्यांसाठी आपल्याकडे वेगळा व्हिसा नाही. आधीच भारतात असलेलं अफगाण कुटुंब भेटलं तर त्यांची नोंद दिल्लीच्या यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) कार्यालयात झाली आहे का आणि व्हिसाची मुदत काय, हे आधी विचारायचं. एसआयव्हीच्या अर्जाला सरकारी फी नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबवा. सोबत काम केलेल्या अफगाणांना वसवण्याच्या ब्रिटनच्या एआरएपी योजनेचे नवे अर्ज १ जुलै २०२५ पासून बंद आहेत, तरी तिच्या नावाने पैसे उकळणारे असू शकतात. नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा मजकूर बघा.

फोटो-प्रदर्शनाला माझा विरोध आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने अफगाण अर्जदारांना एक ईमेल पाठवला, त्यात सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले. २६५ माणसं होती. त्यासाठी त्या खात्याला साडेतीन लाख पौंड दंड झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे १९,००० अर्जदारांची माहिती असलेली फाइल बाहेर गेली, आणि ते जगाला कळलं जुलै २०२५ मध्ये. सरकारांच्या हातून हे होतं, तर आपण सीताबर्डीवर फोटो लावून तो फेसबुकवर टाकायचं कारण नाही. फोटोतला माणूस सुखरूप असेल, त्याचा भाऊ अजून जलालाबादेत असेल. ज्यांनी स्वतःचं नाव जाहीर केलंय, शिनवारींसारखे, तेवढेच दाखवा. येणाऱ्यांना निमंत्रणाचा ईमेल पाठवताना सगळे पत्ते बीसीसीच्या रकान्यात घाला.

---

सीताबर्डी_अनुवाद

प्रदर्शन रद्द. त्या जागी एक रिकामं शिफारसपत्र मोठ्या अक्षरांत लावतोय, प्रत्येक रकान्याशेजारी तो का लागतो ते मराठीत. निवृत्त मंडळी खोट्या नावाने एकेक पत्र भरतील, आणि अनुवादक त्यातल्या तारखा अफगाण तारखांशी ताडून बघतील.

सरावासाठी तीन तारखा काढल्या आहेत: १ हमल १३९१, ५ मीझान १३८८, २५ दल्व १३९२. माझी उत्तरं: २१ मार्च २०१२, २७ सप्टेंबर २००९, १४ फेब्रुवारी २०१४. धंतोलीकर, तपासाल का?

---

धंतोली_फारसी

दुसरी आणि तिसरी बरोबर. पहिली चुकली: २०१२ हे लीप वर्ष होतं हे विसरून तुम्ही २१ मार्च घेतलात. त्या वर्षी १ हमल २० मार्चला होता. ती तारीख यादीत ठेवाच, सगळे तिथेच अडकतील.